कॅसेटमधला आजीचा आवाज स्वच्छ करताना

माळ्यावरच्या पेटीत एखादी जुनी कॅसेट निघतेच. कुणाच्या घरी आजीच्या ओव्या, कुणाकडे आजोबांची भजने. ती मोबाइलवर घ्यावी म्हणून तुम्ही टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडता आणि आवाजामागे सतत ‘घूंऽऽ’ ऐकू येते. ही घूं काढता येते. पण घाई केलीत, तर तिच्याबरोबर आपल्या माणसाचा आवाजही पुसला जातो.

घूं येते कुठून?

आपल्या घरातल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात. ही ५० हर्ट्झची कंपने आवाजाच्या वायरीत शिरली की घूं ऐकू येते. सोबत १००, १५० अशी पटीतली कंपनेही असतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिकडे भरून पाठवलेली कॅसेट असेल, तर हाच आकडा ६० असतो.

आधी जोडणी तपासा

टेप थांबवा, जोडणी तशीच ठेवा. तरीही घूं येते? मग दोष कॅसेटचा नाही, जोडणीचा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. आवाजाची वायर विजेच्या वायरींपासून लांब ठेवा. चार्जर लावावाच लागला, तर दोन्ही यंत्रे एकाच बोर्डवर लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, ती शॉकपासून वाचवण्यासाठी असते.

मग सॉफ्टवेअर

टेपमध्येच मुरलेली घूं ‘ऑडेसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरने कमी करता येते.

१. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

२. कुणी बोलत नाही असा तुकडा निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा. ‘साइज’ १६३८४ ठेवा आणि आलेखातले उंच टोक पाहा. टेपचा वेग कमीजास्त असेल, तर ते नेमके ५० वर नसते.

३. आता पूर्ण रेकॉर्डिंग निवडा आणि ‘नॉच फिल्टर’मध्ये तोच आकडा भरा. ‘क्यू’ वाढवा, तो जितका मोठा, तितका काप अरुंद.

४. १०० किंवा १५० जवळही टोक दिसत असेल, तरच तिथे पुन्हा फिल्टर लावा.

हात आखडता ठेवा

पुरुषांच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. तंबोऱ्याचा खर्ज त्याहूनही खाली. तिथे रुंद काप दिलात, तर आजोबांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर हेडफोन लावून मूळ प्रतीशी ताडून बघा. थोडी घूं उरली तरी चालेल, आवाज ओळखीचा राहिला पाहिजे.

सफाई पुढच्या वर्षीही करता येईल. टेप मात्र जुनी होत चालली आहे. म्हणून निदान डिजिटल प्रत तरी या रविवारीच करून ठेवा.