उताराच्या भूखंडावरील कुटुंबगृह : हिंगोलीच्या भूस्तराच्या अनुरोधाने काही विचार

शहरातील सपाट जागा संपत आल्या म्हणजे वस्ती उतारांकडे वळते. असा भूखंड हाती आला की उंच भाग कापावयाचा, सखल भाग भरावयाचा आणि तयार झालेल्या सपाटीवर घर उभारावयाचे, ही सर्वसाधारण रीत होय. हिंगोली जिल्ह्यातील भूस्तर लक्षात घेता ही रीत त्या घराला आणि उताराखालच्या शेजाऱ्यालाही घातक ठरण्याचा संभव आहे. तो कसा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. टेकड्यांच्या माथ्यावर मुरूम अल्प खोलीवर लागतो. कयाधू-पूर्णेच्या खोऱ्यांकडे उतरावे तसतसा काळ्या मातीचा थर जाड होत जातो. हाच क्रम लहान प्रमाणावर एखाद्या भूखंडातही आढळू शकतो. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरूम स्थिर राहतो. घराचा एक भाग मुरमावर आणि दुसरा काळ्या मातीवर वा भरावावर टेकला, तर दोहोंची हालचाल विषम होऊन भिंतींना तिरक्या भेगा पडतात. म्हणून पाया पायऱ्यापायऱ्यांनी उतरवून सर्वत्र मुरमावरच ठेवावा. मुरूम फार खोल असल्यास तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब ऋतुमानाने हलणाऱ्या थराच्या खाली न्यावेत.

दुसरा प्रश्न माती थोपविणाऱ्या भिंतीचा. समजा, भूखंडाची खोली २४ मीटर व उतार आठास एक आहे. म्हणजे दोन टोकांत ३ मीटरांचा फरक पडतो. मातीचा एकूण दाब भिंतीच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ मीटरांच्या एका भिंतीऐवजी पुरेसे अंतर राखून १.५ मीटरच्या दोन भिंती घातल्या, तर प्रत्येकीवर चतुर्थांश आणि मिळून निम्माच दाब येतो. मात्र भिंतीमागे काठोकाठ पाणी साचले, तर कोरड्या भरावाच्या तुलनेत दाब दुपटीहून अधिक होतो. म्हणून भिंतीमागे खडीचा थर, भिंतीत पाणी वाहून जाण्याची छिद्रे आणि वरच्या अंगास पक्की गटारे हवीत. याबाबत हयगय झाली तर भिंत कोसळते ती खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात.

या विभागणीतून घराची रचनाही सुचते. १.५ मीटर म्हणजे अर्धा मजला, साधारण दहा पायऱ्या. रस्त्याच्या पातळीवर बैठक, स्वयंपाकघर, न्हाणीघर व वृद्धांची खोली ठेवावी. अर्ध्या मजल्याच्या अंतरावर इतरांच्या खोल्या द्याव्यात. घरातील वडीलधाऱ्यांना दिवसातून एकदाही जिना चढावा लागू नये, ही कसोटी होय.

भूकंपाचा विचारही टाळता येत नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने मराठवाड्याला जबर धडा दिला. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. उतारावर आखूड व लांब खांब एकाच मजल्याला आधार देत असतील, तर आखूड खांबांवर अधिक भार येतो. कारण अन्य बाबी समान असता १.५ मीटरचा खांब ३ मीटरच्या खांबाहून आठपट ताठ असतो. घर पायऱ्यांनी बसविल्यास प्रत्येक पातळीवरील खांब समान उंचीचे ठेवता येतात. दोन पातळ्यांच्या सांध्यावर मात्र खांबाच्या मध्यावर स्लॅब जोडला जात असल्याने तेथे पायापासून वरपर्यंत अखंड काँक्रीटची भिंत द्यावी.

सारांश, आराखडा रेखाटण्यापूर्वी भूखंडाच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही टोकांस चाचणीचे खड्डे घेऊन मुरमाची खोली मोजावी व पातळ्या घ्याव्यात. घराचा छेद त्या मोजमापांवरूनच ठरवावा आणि खोल्यांची मांडणी त्यानंतर करावी.