उशाशी बसणाऱ्या बाईची विचारपूस

दवाखान्यात भेटायला आलेला माणूस खाटेवरच्याची चौकशी करतो, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवतो आणि निघतो. खाटेखाली चटई टाकून आठ दिवस काढणाऱ्या बाईला "जेवलीस का?" असे फारसे कोणी विचारत नाही. तिने अंग दुखते म्हटले, तर वर ऐकून घ्यावे लागते, "तू त धडधाकट हायेस, तुले काय धाड भरली?"

आपल्या वऱ्हाडात अशा आया पुष्कळ. कारण सिकलसेल. अमरावती-अकोल्याकडच्या बौद्ध आणि आदिवासी घरांना हा आजार चांगलाच ओळखीचा आहे. थंडी पडली, ताप आला की लेकराचे हातपाय असे ठणकतात की ते रात्रभर विव्हळते. आई पाणी पाजत, अंग शेकत बसते. सकाळी कापूस वेचायला जायचे असते. नाही गेली तर मजुरी बुडते, गेली तर जीव घरी अडकतो. त्यात सासरचे बोल, "तुझ्या माहेरचंच रक्त खराब." भगिनींनो, हे साफ खोटे आहे. लेकराला हा आजार होतो तेव्हा त्याचा दोष आई आणि बाप दोघांकडूनही आलेला असतो. नवऱ्याने एवढे जरी चारचौघांत बोलून दाखवले, तरी त्या बाईचे अर्धे ओझे उतरेल.

आजाऱ्यासोबतच्या माणसालाही निवारा लागतो, हे ओळखले अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या स्वाधीन केली, हे आपण जाणतो. पण १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा बांधली. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कॅन्सरचे रुग्ण नातेवाइकांसह राहतात. इकडून टाटाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

घरातल्या खाटेजवळ मात्र धर्मशाळा कुठून आणणार? तिथे माणूसच लागतो. विनयपिटकात हगवणीने लोळत पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायाकडून धरून त्याला खाटेवर ठेवले. दोघे होते! आणि आपल्याकडे लकवा झालेल्या सासऱ्याची कूस एकटी सून बदलते, नि वर्षभरात तिचीच कंबर जाते.

विहारातल्या महिला मंडळाला हे काम जड नाही. रविवारच्या वंदनेनंतर दोघींनी अशा एखाद्या घरी दोन तास बसावे आणि त्या बाईला झोपू द्यावे. उपदेश करू नये. ती रडली तर रडू द्यावे. घरच्या पुरुषांनी आठवड्यातली एक रात्र जागरणाची आपल्याकडे घ्यावी. मी तर म्हणेन, वार ठरवूनच टाकावा.

झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ हा सरकारचा 'टेली-मानस'चा फोन २०२२ पासून आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. पहिल्यांदा फोन लावताना शेजारणीने जवळ बसावे.