ठाण्याला उतरणार का?

डोंबिवलीहून वागळे इस्टेटीत कामाला येणाऱ्या माणसाचा गाडीतला प्रवास जेमतेम पंधरा किलोमीटरचा. पण सकाळच्या फास्टमध्ये त्याच्या आजूबाजूला उभी असलेली बहुतेक माणसं घाटकोपर, दादर, सीएसएमटीला जाणारी. ती हलत नाहीत. हलणार तरी कुठे? हा दारापासून चार हात आत ढकलला गेला की ठाणं हुकलंच. म्हणून मुंब्रा मागे पडायच्या आत विचारणा सुरू होते, ‘ठाण्याला उतरणार का?’ हो म्हणाला तर त्याच्या मागे चिकटायचं, नाही म्हणाला तर जागा बदलून घ्यायची. पाठीवरची सॅक पोटावर, मोबाइल खिशात खोल. दारात उभं राहणाऱ्यांना बेफिकीर म्हणून आपण मोकळे होतो. त्यातल्या कितीतरी जणांना फक्त पुढच्या स्टेशनवर उतरायचं असतं. नव्या लोकलचं माप मी या माणसावरून घेतो.

देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आली ती ठाण्यालाच. विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली, हार्बर मार्गावरून. तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. पुढे १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. कळवा, डोंबिवली, कल्याणचा कामगार ठाण्याला उतरू लागला. नंतर कारखाने एकेक करून मिटले, त्यांच्या जागी आयटी पार्क उभे राहिले, डब्यातल्या माणसांच्या हातातल्या पिशव्या बदलल्या. तारेतला प्रवाह मात्र तोच राहिला.

त्या डीसी गाड्या आमच्या पिढीच्या अंगवळणी पडल्या होत्या. अडकलेला पंखा कंगव्यानं ढकलून सुरू करायचा, ही विद्या प्रत्येक पासधारकाला येत असे. पण गाडी सुटताना मोटरला जाणारा प्रवाह आवरायला मध्ये रोधक घातलेले असत आणि बरीच वीज त्यांच्यातच तापून जाई. ब्रेक लावला की उरलेली शक्ती चाकांवर घासून संपे. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीत हा अपव्यय दिवसभर चाले. शिवाय व्होल्टेज कमी म्हणून प्रवाह प्रचंड. तारा जाड, उपकेंद्रं जवळजवळ. तेवढीच शक्ती २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहानं दिली तर प्रवाह सुमारे सतरापटीनं उतरतो. जादा डबे आणि जादा फेऱ्या हव्या असतील तर डीसी सोडणं भाग होतं.

बदल मात्र एका रात्रीत होणारा नव्हता. जुनी तार आणि नवी तार वर्षानुवर्षं एकाच शहरात नांदणार होती, म्हणून दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या लागल्या. मुंबई रेल्वे विकास महामंडळानं जागतिक बँकेच्या कर्जातून त्या घेतल्या. डबे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, वीजयंत्रणा सीमेन्सची. अशी पहिली गाडी नोव्हेंबर २००७ मध्ये पश्चिम रेल्वेवर आली, पुढे मध्य रेल्वेवरही. छतावरून डब्यात हवा ढकलणारी यंत्रणा आली आणि ब्रेक लावताना मोटरच जनित्र होऊन सुमारे ३० टक्के वीज तारेत परत देऊ लागली. जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग पूर्णपणे एसी प्रवाहावर आला. सँडहर्स्ट रोडचा १८७९ चा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, कारण २५,००० व्होल्टच्या तारेला लागणारं अंतर त्याच्याखाली मिळत नव्हतं. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावरून कुर्ल्याहून सीएसटीला शेवटची डीसी लोकल गेली. एक्क्याण्णव वर्षांचा संसार आवरला.

पुलांनी पुढेही छळलं. त्याच महिन्यात पहिली वातानुकूलित लोकल कुर्ला कारशेडला आली, पण तिची उंची मध्य रेल्वेच्या जुन्या पुलांना पेलेना. ती पश्चिम रेल्वेकडे गेली आणि २५ डिसेंबर २०१७ पासून चर्चगेट-बोरिवली धावू लागली. मध्य रेल्वेला कमी उंचीची गाडी मिळाली जानेवारी २०२० मध्ये, तीही ठाणे-पनवेल ट्रान्सहार्बरवर. मुख्य मार्गावर ती डिसेंबरात आली.

मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलचं एकेरी भाडं निम्म्यावर आलं. पास मात्र तेवढाच महाग राहिला, आणि रोजचा माणूस पासावरच जगतो. ऑगस्टमध्ये दहा जादा वातानुकूलित फेऱ्या साध्या गाड्यांच्या जागी घातल्या, तेव्हा कळव्यात लोक रुळांवर उतरले, बदलापुरात आंदोलन पेटलं. २५ ऑगस्टपासून त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या प्रवाशांना प्रगतीचे विरोधक ठरवणं अन्यायाचं होतं. वेळापत्रकातली एक जागा भरली की दुसऱ्या गाडीला ती मिळत नाही, साधी ८.२० गेली की तिची सगळी माणसं साध्या ८.२७ मध्ये कोंबली जातात. गाडी नवी आली आणि त्यांचा प्रवास अधिक वाईट झाला.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जणांचा जीव गेला. मग रेल्वेनं बिगरवातानुकूलित गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारं द्यायचं जाहीर केलं: दाराला हवा येण्याच्या झडपा, छतावरून वारा, आणि डब्यातून डब्यात जाता येईल अशी जोडणी. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मधल्या डब्यात चेंगरलेल्याला पुढच्या डब्याकडे सरकायची वाट मिळते. पण दार मिटेपर्यंत गाडी हलणार नाही. ठाण्याला प्रत्येक गाडी काही सेकंद जास्त थांबली, तर मागची गाडी कळव्याच्या बाहेर अडकेल. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्यानं थोडी जागा झाली; कुर्ला-सीएसएमटी हा पुढचा तुकडा रखडलेलाच आहे.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या (एमयूटीपी) तिसऱ्या टप्प्यात आणि ३अ मध्ये मिळून २३८ वातानुकूलित रेकची तरतूद आहे. ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तिच्यात वागळे सर्कलचं स्थानक आहे. मनोरुग्णालयाच्या जागेवर ठाणे-मुलुंडदरम्यान नवं रेल्वे स्थानकही आखलेलं आहे. ते उभं राहिलं की वागळेकरांची रिक्षाच्या रांगेतली घुसमट संपेल आणि ठाण्याच्या फलाटांवरचा भारही वाटला जाईल. माझ्या मते नव्या गाड्यांइतकाच जोर या स्थानकावर लावायला हवा.

आणि मिटणाऱ्या दारांच्या गाडीची चाचणी दुपारच्या रिकाम्या वेळी घेऊन भागणार नाही. ती सकाळी साडेआठला कल्याणहून सोडावी, पास साध्या गाडीच्याच दराचा ठेवावा, आणि ठाण्याला उतरणारा शेवटचा माणूस उतरेपर्यंत किती सेकंद लागतात ते फलाटावर उभं राहून मोजावं. डबे किती हवेत, दारं किती रुंद हवीत आणि दोन गाड्यांत किती अंतर ठेवता येईल, ते त्या आकड्यावरून ठरवावं.