रोख न गेलेला खर्च

चांदनीहून गाडीने बऱ्हाणपूर, भुसावळ, जळगाव करीत सुरतेच्या मार्गाला लागले की अमळनेर येते. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी तेथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच आजची विप्रो. १९४६ मध्ये तिचे भाग विक्रीस निघाले आणि गावातील कित्येक कुटुंबांनी ते घेऊन जपून ठेवले. शेजारचे उदाहरण म्हणून मी तेच घेतो.

विप्रोच्या वार्षिक अहवालात कर्मचाऱ्यांवरील खर्चाच्या तपशिलात पगार, भविष्य निर्वाह निधी यांच्याबरोबर भागांच्या रूपाने दिलेल्या मोबदल्याचीही एक रक्कम असते. वर्गात विद्यार्थी नेमके येथेच अडतात. तिजोरीतून पैसा गेलाच नाही, मग हा खर्च कसला?

काल्पनिक आकडे घेऊ. कर्मचाऱ्याला सांगितले, ‘तीन वर्षे टिकलात तर १,००० भाग दर्शनी किमतीला, म्हणजे दोन रुपयांना, मिळतील.’ देऊ केले त्या दिवशी या हक्काचे मोल भागामागे ४८० रुपये ठरले. एकूण ४,८०,००० रुपये तीन वर्षांवर वाटले, की दरसाल १,६०,००० रुपये नफ्यातून वजा होतात आणि तेवढीच रक्कम भागधारकांच्या निधीत वेगळ्या खात्यावर जमा होते. पुढे बाजारभाव चढो वा उतरो, हे ४८० बदलत नाहीत. कर्मचारी मुदतीआधी सोडून गेला, तर मात्र त्याच्यापोटी दाखवलेला खर्च परत फिरवतात.

खर्च भागधारक सोसतो. भाकरी तेवढीच, खाणारे वाढले! अमळनेरच्या जुन्या भागधारकाचा वाटा तेवढ्याने पातळ होतो.

हे मान्य व्हायला फार वर्षे लागली. अमेरिकेत १९९४ मध्ये कंपन्यांनी इतका गलबला केला, की सिनेटने ८८ विरुद्ध ९ मतांनी विरोधी ठराव केला. तेथे सक्तीचा नियम निघाला तो डिसेंबर २००४ मध्ये. आपल्याकडे ‘सेबी’ची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ ची, पण हक्क देतानाचा बाजारभाव व देऊ केलेली किंमत यांतील फरक तेवढाच खर्च धरण्याची मुभा होती. दोन्ही सारखे ठेवले की खर्च शून्य! आमच्या भागातला केळीवाला आजच्या भावाने तीन महिन्यांनी माल उचलण्याचा, वाटल्यास न उचलण्याचा, हक्क कोणाला फुकट देईल काय? एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या ‘इंड एएस १०२’ या मानकाने ही पळवाट बुजवली.

रोख प्रवाह पत्रकात मात्र हीच रक्कम नफ्यात परत मिळवलेली दिसेल, आणि ते बरोबरच आहे. पण काही कंपन्या हा खर्च वगळून ‘समायोजित’ नफा मिरवतात, तो मला पटत नाही. अशा वेळी प्रतिभाग उत्पन्नाचे दोन्ही आकडे पाहावेत, मूळ आणि संभाव्य नवे भाग धरून काढलेला. त्यांतील अंतर कंपनी लपवू शकत नाही.