निळ्या पायांची साक्ष : एका सागरी पक्ष्याचा प्रणयसंकेत
भाषिक चिन्ह यादृच्छिक असते, हा सोस्यूरचा सिद्धान्त साहित्याभ्यासकांना परिचित आहे. निळ्या पायांच्या बूबी या सागरी पक्ष्याचा प्रणयसंकेत मात्र तसा नाही. नर एकेक पाय उचलून मादीला त्याचा रंग दाखवितो. या रंगात माशांतून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा वाटा असतो. मेक्सिकोतील इसाबेल बेटावरील प्रयोगांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ४८ तासांच्या उपासाने नरांचे पाय निस्तेज झाले; ताजे मासे मिळताच रंग परतला. पहिल्या अंड्यानंतर नराचे पाय कृत्रिमरीत्या फिके केले असता मादीने दुसरे अंडे लहान घातले. म्हणजेच जोडी जमल्यानंतरही मादी हा संकेत वाचीत राहते. येथे चिन्हक आणि चिन्हित यांना शरीरच बांधून ठेवते. म्हणूनच असत्यकथनाची जी मुभा शब्दाला आहे, ती या संकेताला फारशी उपलब्ध नाही.