कामतघर ते अलिबाग : भरती-ओहोटीच्या हिशेबाने पहिला दिवस

भिवंडी शहरातील कामतघर हा भाग यंत्रमागांचे कारखाने, दाट वस्ती आणि वऱ्हाळा तलाव यांमुळे ओळखला जातो. तेथील कुटुंबांना जोडून सुट्टी मिळाली आणि समुद्र पाहण्याचा बेत ठरला की बहुतेक वेळा अलिबागचे नाव पुढे येते, कारण सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणाला पोहोचता येईल इतपत ते जवळ आहे आणि एक-दोन रात्री राहण्याची सोय तेथे सहज होते. सुमारे 18.6 अंश उत्तर अक्षांशावरील हे गाव उष्ण कटिबंधात, म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात येते. नारळी-पोफळीच्या वाड्या, दमट हवा आणि वर्षभर पोहण्याजोगे कोमट पाणी ही या पट्ट्यातील किनारी गावांची लक्षणे येथेही आहेत. तथापि अलिबागला निव्वळ सहलीचे ठिकाण मानणे त्या गावावर अन्याय करणारे आहे. हे जुन्या आरमारी सत्तेचे केंद्र आणि जिल्ह्याचे मुख्यालय असून, पूर्वी कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याचे 1981 मध्ये रायगड असे नामांतर झाले.

कामतघरहून निघणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात. मुंबईत उतरून गेटवेवरून लाँचने, किंवा मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून सुरू झालेल्या रो-रो बोटीने, म्हणजे माणसांबरोबर मोटारीही वाहून नेणाऱ्या बोटीने, मांडव्याला जाता येते आणि तेथून अलिबाग सुमारे 20 किलोमीटरवर राहते. मात्र भिवंडीकरांना त्यासाठी आधी मुंबईची गर्दी ओलांडावी लागत असल्याने अंजूरफाटा, मानकोली, मुंब्रा बायपास, शिळफाटा, पनवेल, पेण आणि वडखळ असा खुष्कीचा मार्गच त्यांना सोयीचा पडतो. वडखळला गोव्याचा महामार्ग सोडून अलिबागकडे वळले की पोयनाडपर्यंतचा टापू बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण रस्त्यालगत दिसणारी सपाट भातशेती ही बऱ्याच अंशी खाडीकडून मिळवलेली जमीन आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबलचक बांध घालायचे आणि त्यांत उघाडी, म्हणजे ओहोटीच्या वेळी आतले गोडे पाणी बाहेर सोडणारी व भरतीच्या वेळी बंद होणारी झडप, ठेवायची, या पद्धतीने येथील आगरी व इतर शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या खारजमिनी कसल्या.

याच टापूतील चरी या गावी 1933 च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. खोती, म्हणजे सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये सारा वसूल करणारा खोत उभा असण्याची पद्धत, कुळांची पिळवणूक करीत होती. त्याविरुद्ध कुळांनी जमिनी न कसता पडीक ठेवल्या आणि उपासमार सोसून हा लढा 1939 पर्यंत चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला सक्रिय पाठिंबा दिला होता. सहलीला निघालेल्या मोटारी चरीच्या परिसरातून न थांबता पुढे जातात, याची खंत वाटावी इतके या लढ्याचे महत्त्व महाराष्ट्राच्या कूळकायद्याच्या इतिहासात आहे. भिवंडी तालुक्यातही आगरी समाजाची मोठी वस्ती असल्याने कामतघरच्या वाचकाला तर ही हकिगत परक्या मुलखाची वाटण्याचे कारण नाही.

अलिबागला पोहोचल्यावर पहिल्या दिवसाची आखणी घड्याळावरून न करता तिथीवरून करणे श्रेयस्कर ठरते. भूमध्य समुद्राच्या काठावरील प्रसिद्ध सहलीच्या गावांत भरती-ओहोटीतील फरक इतका अल्प असतो की पाहुण्याला तो जाणवतही नाही. कोकणच्या उत्तर किनाऱ्यावर मात्र उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी काही मीटरनी चढते आणि उतरते, आणि किनारा उताराला मंद असल्यामुळे समुद्र शेकडो मीटर मागे हटतो. सकाळी ज्या जागी होड्या तरंगत होत्या तेथेच दुपारी मुले क्रिकेट खेळताना दिसतात. एका दिवसात साधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, परंतु हे चक्र 24 तासांऐवजी सुमारे 24 तास 50 मिनिटांनी पूर्ण होते, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असताना चंद्रही आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते.

या गणिताचा एक सुटसुटीत आडाखा किनाऱ्यावरच्या लोकांनी फार पूर्वीपासून बसवलेला आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक अवधीने पूर्ण ओहोटी येते. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्याला हा आडाखा चांगला लागू पडतो. तो अंदाज आहे, काटेकोर वेळापत्रक नव्हे, आणि अर्ध्या-पाऊण तासाचा फरक त्यात गृहीत धरावा लागतो. परंतु भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहून कोणत्याही उपकरणाशिवाय समुद्राची वेळ सांगता यावी, ही लोकज्ञानाची मोठी कमाई आहे आणि ती शाळेच्या भूगोलात आग्रहाने शिकवली गेली पाहिजे.

वेळेइतकेच पाण्याच्या प्रमाणाकडेही लक्ष द्यावे लागते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येऊन सूर्य-चंद्रांच्या ओढीची बेरीज होते, तेव्हाच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात; अष्टमीच्या सुमारास या दोन ओढी एकमेकींशी काटकोनात येतात आणि भरतीही कमी, ओहोटीही कमी अशी जी स्थिती होते तिला भांग म्हणतात. अष्टमीला ओहोटी नेमकी भर दुपारी येत असली तरी भांगामुळे पाणी पुरेसे ओसरत नाही, तर पौर्णिमेला ते खूप ओसरते पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. दुपारी पोहोचणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने म्हणूनच द्वादशी-त्रयोदशी हे दिवस उत्तम ठरतात. त्या दिवशी भरती सकाळी नऊ-पावणेदहाला होऊन ओहोटी दुपारी तीन-चारच्या सुमारास तळाला लागते आणि उधाण जवळ आल्यामुळे पाणीही दूरवर हटते.

हा सारा हिशेब करण्याचे मुख्य कारण म्हणजे कुलाबा किल्ला. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रातील खडकावर उभा असलेला हा दुर्ग ओहोटीच्या वेळी चालत गाठता येतो आणि भरतीच्या वेळी चारही बाजूंनी पाण्याने वेढला जातो. फ्रान्समधील माँ सें मिशेल हे बेटही अशाच भरती-ओहोटीमुळे जगप्रसिद्ध झाले, मात्र तेथे मठ आहे आणि येथे आरमारी ठाणे. शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या वर्षी, 1680 मध्ये, या किल्ल्याची उभारणी सुरू करविली आणि संभाजी महाराजांच्या काळात ती पूर्ण झाली. पुढे कान्होजी आंग्रे यांनी येथून मराठी आरमाराचा दरारा पश्चिम किनाऱ्यावर निर्माण केला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर मोठी मोहीम काढली. बाजीराव पेशवे मदतीला धावून आले आणि ती मोहीम फसली. कान्होजींचे 1729 मध्ये निधन झाले आणि त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे.

किल्ल्याची तटबंदी जवळ जाऊन पाहावी. समुद्राकडील भागात अवजड काळे दगड एकावर एक नुसते रचलेले दिसतात आणि त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी या फटींत शिरते, त्याचा जोर आतल्या आत विभागला जातो आणि मग ते निथळून बाहेर येते, असे या रचनेमागचे कारण सांगितले जाते. तीन शतकांहून अधिक काळ पावसाळी लाटा झेलूनही तट उभा आहे, हा त्याचा पुरेसा पुरावा मानता येईल. आत शिरताना महादरवाजावर कोरलेले हत्ती, मोर आदी प्राणी दिसतात. पुढे आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आणि चोहोबाजूंनी खारे पाणी असूनही टिकून राहिलेली गोड्या पाण्याची पुष्करिणी आहे. उत्तरेकडील तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावर इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील लो मूर या लोखंडाच्या कारखान्याचे नाव आणि 1849 हे साल आढळते, म्हणजे त्या आंग्र्यांची सत्ता संपल्यानंतरच्या आहेत. त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांपैकी अनेकजण त्यांना मराठी आरमाराच्या तोफा समजतात आणि तो समज दूर करणारी माहिती जागेवर ठळकपणे मिळायला हवी.

किल्ल्यावरून परतण्याची वेळ चुकवणे धोक्याचे आहे आणि त्यामागचे कारण नीट समजून घ्यावे. ओहोटी तळाला लागल्यावर पाणी एका गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक असे स्थूलमानाने पाणी वाढते. पहिल्या तासात समुद्र जागचा हललाच नाही असे वाटते, आणि त्याच भरवशावर थांबलेल्या माणसाला पुढच्या दोन तासांत वाढणारे पाणी गाठते. शिवाय वाळूचा तळ सर्वत्र सारख्या उंचीचा नसतो. खोलगट भाग आधी भरतात, आणि पायाखालची जागा कोरडी असतानाच किनाऱ्याकडची वाट पाण्याखाली गेलेली असू शकते. यासाठी ओहोटी पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी निघावे, पाणी तळाला लागताच परतीला लागावे आणि निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या स्थानिक लोकांना त्या दिवसाची वेळ विचारावी. पाणी चढल्यावर होडीची सोय असते, परंतु पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना तिच्यावर विसंबणे मुळीच योग्य नाही.

पोहण्याच्या बाबतीतही हेच ज्ञान उपयोगी पडते. पाणी ओसरत असताना समुद्राकडे जाणारी ओढ वाढते, आणि लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जाऊ लागले की त्यात सापडलेला माणूस आत खेचला जातो. अशा वेळी किनाऱ्याच्या दिशेने झगडत राहिल्यास दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडणे हाच उपाय आहे. तलावात पोहायला शिकलेल्या मुलांना समुद्राची ही ओढ ठाऊक नसते, म्हणून जीवरक्षकाची शिट्टी ही दटावणी न मानता आज्ञा मानली पाहिजे.

पाणी चढलेले असण्याच्या वेळेत गाव पाहावे. किनाऱ्यालगतच असलेली चुंबकीय वेधशाळा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील बदल नोंदवणारी संस्था, पर्यटकांच्या नजरेतून बहुधा निसटते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून अशा नोंदी होत होत्या आणि 1859 च्या सप्टेंबरमधील प्रचंड सौरवादळाची तेथील नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या विद्युतप्रवाहाने सूक्ष्म मापनात बिघाड होणार हे उघड असल्याने संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली आणि 1904 मध्ये तिचे काम सुरू झाले. मापन होते ती इमारत लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेली आहे. दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घातल्यामुळे ही मालिका 1841 पासून आजतागायत सलग मानली जाते. आत जायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. विज्ञान शिकणारी मुले बरोबर असतील तर तेवढी खटपट अवश्य करावी.

गावातील इस्रायल आळीत मागेन अबोथ हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, तेलाच्या घाण्यावर काम करू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवत असल्याने शनिवार तेली म्हणून ओळखले गेले. घरात मराठी बोलणारा हा समाज 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला.

संध्याकाळी किनाऱ्यावर घोडागाड्या, भेळेच्या गाड्या आणि शहाळीवाले यांची गर्दी होते. शनिवार-रविवारी तर पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि लहान मुलांना घेऊन आलेल्यांनी अशा वेळी वरसोली किंवा नागाव गाठलेले बरे. जेवणात तांदळाची भाकरी, सोलकढी, आणि बाजारात जे ताजे आले असेल ते, मग ते मांदेली असो वा बोंबील, मागवावे. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा सुरमई-पापलेटचा आग्रह न धरता सुक्या मासळीवर किंवा खाडीच्या मासळीवर समाधान मानणे शहाणपणाचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेल्यास रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या विणलेल्या माळा टांगलेल्या दिसतात. चवीला गोडसर असलेल्या अलिबागच्या या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले.

पहिल्या दिवशी किल्ल्याची वेळ साधली नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारची तीच ओहोटी सुमारे 50 मिनिटे उशिरा येईल, हे लक्षात घेऊन परतीची वेळ ठरवावी. द्वादशीला चुकलेल्यांना त्रयोदशीची ओहोटी चारच्या सुमारास मिळते, किल्ला पाहून उजेडी किनाऱ्यावर परतता येते आणि रात्रीच्या जेवणाला पेण-पनवेल ओलांडून कामतघर गाठता येते.