पाऊस सरासरीइतका, तरी टँकर का?

हवामान बदलामुळे पाऊस आटत चाललाय, म्हणून टँकर लागतात, असं सर्रास बोललं जातं. मराठवाड्यापुरतं तरी हे अर्धसत्य आहे. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 2025च्या सप्टेंबरात शेजारच्या धाराशिव-सोलापुरात सीना नदीच्या पुराने शेतं मातीसकट खरवडून नेली. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि मधली उघडीप लांबते. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली मांडलं, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवरची अतिवृष्टी तिपटीने वाढली. दोन-तीन तासांत पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस मुरत नाही, ओढ्याला लागतो. कागदावर मात्र सरासरी भरते. ‘यंदा शंभर टक्के पाऊस’ या बातमीवर विसंबून ऊस लावणं म्हणूनच धोक्याचं.

दुसरा समज: ‘बोअर आणखी खोल घेतला की पाणी लागतंच.’ आपला बहुतेक महाराष्ट्र बेसाल्टवर वसलाय. या खडकात पाणी राहतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत. खाली काळा पाषाण लागला की बहुतेक ठिकाणी फुफाटाच उडतो. राज्याच्या 2009च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे, पण गावोगाव बोअरच्या गाड्या फिरतातच.

सगळ्यात पक्का बसलेला समज शेततळ्याचा आहे: शेततळं म्हणजे जलसंधारण. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात साठलं तर ते खरंच आहे. पण प्लॅस्टिक अंथरलेली कित्येक तळी पावसाने भरतच नाहीत. हिवाळ्यात विहिरीवर मोटार लावून ती भरतात. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्या शिवाराचं पाणी उपसून एकाच्या बांधात उन्हात ठेवायचं. तळाला प्लॅस्टिक, त्यामुळे थेंबही परत मुरत नाही. 30 बाय 30 मीटरच्या भरल्या तळ्यातून मे महिन्यात रोज आठ मिलिमीटर वाफ धरली, तरी दिवसाला सात हजार लिटरहून जास्त पाणी उडून जातं. उन्हाळे जसे तापतील तसा हा आकडा वाढणार. फळबाग जगवायची शेतकऱ्याची धडपड मला कळते. पण त्याच वेळी शेजारची विहीर कोरडी पडते, हेही बोललं पाहिजे.

ठिबकचंही तसंच. एकरी पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस उभा राहिला तर गावाच्या हिशेबात काय वाचलं?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हा हिशेब गावाच्या पातळीवर धरला. सिंचनासाठी बोअरला बंदी, उसाला बंदी, आणि पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं; उरलं त्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी झाला त्या वर्षी पेरा कमी होतो.